पहिले अक्षर कोणत्या भाषेचे?

बदलीचा हुकूम हाती आला म्हणजे सरकारी नोकराच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. राहावयास जागा कोठे मिळणार, हा पहिला. आणि मुलांस कोणत्या शाळेत घालावयाचे, हा दुसरा. पहिला प्रश्न वसाहतीतील क्वार्टरांच्या यादीवर, थोड्याफार प्रतीक्षेनंतर, सुटतो. दुसऱ्याचे उत्तर जबलपूरसारख्या शहरात बहुतेकांच्या मनात आधीपासूनच तयार असते. गन कॅरेज फॅक्टरी असो, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना असो, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय असो की लष्कराची एखादी कचेरी असो, तेथे नव्याने रुजू झालेला मराठी गृहस्थ आपल्या लहानग्याचा हात धरून बहुधा एखाद्या संताच्या नावाने चालणाऱ्या कॅथलिक शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. संत म्हटले की ज्यास ज्ञानोबा-तुकोबा आठवावेत, तो संत ॲलॉयसियस किंवा संत जोसेफ ह्यांच्या दाराशी प्रवेशअर्ज घेऊन तिष्ठतो, ह्यात हसण्यासारखे काही नाही. त्या शाळांची शिस्त, स्वच्छता, वेळेचा काटेकोरपणा आणि लहान मुलांस सांभाळण्याची सिस्टर मंडळींची हातोटी ह्यांवर त्याचा विश्वास असतो, आणि तो विश्वास बहुतांशी सार्थही असतो.

परंतु ह्या सर्व धावपळीत एक प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. मुलाने आपल्या आयुष्यातील पहिले अक्षर कोणत्या भाषेचे वाचावे? शाळेची निवड हा पुष्कळसा व्यवहाराचा भाग आहे. हा प्रश्न मात्र नीतीचा आहे, असे मला वाटते. कारण ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा, तो स्वतः निर्णय करू शकत नाही. आणि त्या निर्णयाचे बरेवाईट फळ मात्र त्यालाच जन्मभर चाखावे लागते.

प्रथम ह्या शाळांचा उगम ध्यानात घेतला पाहिजे. अलाहाबादकडून येणारी रेल्वे १८६७ साली जबलपूरला पोचली. १८७० साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिला येथेच येऊन मिळाला आणि मुंबई ते कलकत्ता असा अखंड प्रवास शक्य झाला. ह्याच सुमारास, १८६८ साली, येथील संत ॲलॉयसियस शाळेची स्थापना झाली. रेल्वे आणि छावणी ह्यांच्या आश्रयाने वाढलेल्या अशा गावांतील कॅथलिक शाळांत त्या काळी युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुलांचा भरणा मोठा असे. त्या मुलांच्या घरी इंग्रजीच बोलली जाई. शाळेत जे शब्द फळ्यावर दिसत, तेच शब्द त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेले असत. म्हणजे आज ज्यांना आपण इंग्रजी माध्यमाच्या शाळा म्हणतो, त्या त्या मुलांपुरत्या मातृभाषेच्याच शाळा होत्या. काळ पालटला, ती कुटुंबे निघून गेली, त्यांच्या बाकांवर हिंदी, मराठी, बंगाली, मल्याळी बोलणारी मुले येऊन बसली. शिकवणाऱ्यांतही केरळ, छोटा नागपूर, गोवा अशा नाना प्रांतांतून आलेल्या सिस्टर आणि शिक्षिका दिसू लागल्या. विद्यार्थी बदलले, शिक्षक बदलले. पहिल्या इयत्तेची घडी मात्र पुष्कळशी तशीच राहिली. हे मूल घरून इंग्रजी घेऊनच आले आहे, अशा समजुतीवर ती घडी बसवलेली होती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भाषा शिकणे आणि वाचावयास शिकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषा ही कानाने आणि जिभेने शिकावयाची असते. मूल ती घरात, अंगणात, भांडणात आणि लाडात शिकते. वाचन ही मात्र त्याहून निराळी विद्या आहे. कागदावरील मुकी चिन्हे बोलू शकतात, हा शोध प्रत्येक मुलास स्वतः लावावा लागतो, आणि तो एकदाच लावावयाचा असतो. ‘क’ला काना ‘का’, पुन्हा ‘क’ला काना ‘का’, असे जुळवीत जुळवीत मूल जेव्हा ‘काका’ ह्या शब्दापाशी येते आणि त्याच्या डोळ्यांपुढे आपला खराखुरा काका उभा राहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते ते ह्या शोधाचे हसू असते. अक्षरांनी त्यास एका ओळखीच्या माणसाच्या भेटीस नेलेले असते.

आता हेच मूल इंग्रजी अक्षरांपुढे बसवून पाहू. सी, ए, टी ही तीन नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. अक्षराचे नाव निराळे आणि त्याचा उच्चार निराळा, हे प्रथम समजावून घ्यावे लागते. नव्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षिका नावांऐवजी उच्चार शिकवतात, हे खरे, आणि त्याने पुष्कळ सोय होते. तरीही ‘सी’ कधी क होते, कधी स. ‘के’ कधी आपले काम करते, कधी ‘नाइफ’मध्ये नुसतेच उभे राहते. खुद्द इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्या मुलांसही ह्या अडगळीतून वाट काढण्यास वेळ लागतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील तेरा भाषांच्या तुलनात्मक अभ्यासात असे दिसून आले की, लेखन आणि उच्चार ज्यांत सरळ जुळतात अशा भाषांतील मुलांच्या मानाने इंग्रजी मुलांची प्रारंभिक वाचनातील प्रगती दुपटीहून अधिक मंद असते. त्या मुलांना निदान एवढा दिलासा असतो, की महत्प्रयासाने ‘कॅट’ हाती लागली म्हणजे ती ओळखीची मांजर निघते. आपल्या मुलास शब्द उलगडण्याचे कष्ट तर पडतातच. पण उलगडल्यावर आत त्याच्या ओळखीचे कोणीच नसते. जे साधन शिकावयाचे ते अवघड, आणि ज्या भाषेवर ते चालवावयाचे ती अपरिचित. असा दुहेरी भार आपण सहा वर्षांच्या खांद्यांवर ठेवतो.

मूल हा भार टाकून देत नाही. मुले फार आज्ञाधारक असतात. ते एक पळवाट काढते. पान पाठ करते. चित्र पाहून कोणते वाक्य म्हणावयाचे हे त्यास कळू लागते, बोट ओळीवरून सरकत राहते, आवाज खणखणीत निघतो, आणि घरी आलेल्या पाहुण्यांपुढे तो कार्यक्रम होऊन सर्वांस धन्यता वाटते. कोणी अर्थ विचारला तर मात्र मूल गोंधळते. कारण अर्थ हा त्या कार्यक्रमाचा भाग आहे, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. इंग्रजी चांगले येत नाही, एवढीच ही हानी असती तर ती पुढे भरून निघाली असती. परंतु येथे मुलाची एक समजूत कायमची होऊन बसण्याचा धोका आहे: वाचणे म्हणजे मोठ्यांस समाधान वाटेल असा आवाज काढणे, छापलेल्या मजकुराने आपल्याशी बोलावे अशी अपेक्षा धरणे नव्हे. पुढे हाच मुलगा नियमांचे पुस्तक, करारपत्र, वर्तमानपत्रातील अग्रलेख त्याच वृत्तीने वाचतो. ज्या लोकांस सही करण्यापूर्वी समजून घेण्याची सवय नाही, अशांच्या हाती लोकशाही कशी चालावयाची, हा प्रश्न पहिल्या इयत्तेपासून फारसा दूर नाही.

हा अनुभव केवळ आपल्याच वाट्यास आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला लागून असलेल्या वेल्स प्रांतातील मुले घरी वेल्श बोलत आणि शाळेत इंग्रजीत शिकत. तेथील शिक्षणासंबंधी १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात, मुले इंग्रजी पाने घडाघडा म्हणतात पण त्यांचा अर्थ त्यांस उमगत नाही, अशी नोंद ठिकठिकाणी आहे. अहवाल लिहिणाऱ्यांनी ह्यातून वेल्श भाषा हीच अडचण आहे असा निष्कर्ष काढला, हे साम्राज्याच्या तर्कशास्त्राला साजेसेच होते. कित्येक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवीत. दुसरा कोणी तोच अपराध करताना आढळला की पट्टी त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसअखेर ती ज्याच्यापाशी उरे त्यास शिक्षा होई. ह्या प्रकारात वेल्श भाषेचे काय झाले हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी मुलांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. आपल्या गळ्यातील पट्टी काढावयाची तर मित्राच्या तोंडातून आईचा शब्द कधी निसटतो ह्यावर पाळत ठेवावी लागे. इंग्रजीचा धडा देता देता शाळा चहाडीचाही धडा देत होती.

आता आपल्याकडील दोन ठरीव उत्तरांकडे वळू. पहिले उत्तर भाषाभिमानाचे. मराठी टिकावयाची असेल तर मराठी माणसाने आपली मुले मराठीतच शिकवली पाहिजेत, असे ते सांगते. ह्या उत्तरामागील तळमळ मी जाणतो. पण त्यातील नीती मला पटत नाही. मूल हे भाषेच्या रक्षणासाठी भरती केलेले सैनिक नाही. भाषा मोठी आहे, तिचे ऋण आहे. परंतु ते ऋण फेडण्यासाठी दुसऱ्याचे बालपण गहाण टाकण्याचा अधिकार कोणास आहे? शिवाय हा उपदेश करणाऱ्यांपैकी कित्येकांची नातवंडे कोठे शिकतात, हे सर्वांस ठाऊक असते.

दुसरे उत्तर व्यवहाराचे. आज जबलपूर, उद्या गुवाहाटी, परवा चेन्नई. अशा फिरत्या संसारात इंग्रजीखेरीज गत्यंतर नाही, आणि पुढे पोटापाण्यासाठीही तीच लागावयाची. ह्यातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६२ साली मंजूर झाली तीही बदल्यांच्या ह्याच अडचणीतून. पण तेथेही माध्यम हिंदी आणि इंग्रजीच. इंग्रजीने दुबळ्यांस बळ दिले, हेही खोटे नाही. सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘काव्यफुले’ ह्या संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन आहे, आणि ते करणारी स्त्री गरिबांच्या मुलांचे हित जाणत नव्हती असे कोण म्हणेल? परंतु इंग्रजी आवश्यक आहे एवढ्यावरून पहिले वाचन इंग्रजीतच झाले पाहिजे, हे सिद्ध होत नाही. पोहता येणे आवश्यक आहे म्हणून कोणी मुलास चालावयास पाण्यात शिकवीत नाही.

कायद्याकडे पाहिले तर तो आपली बाजू पुष्कळ मोकळी सोडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि ज्या राज्याची राजधानी नागपूर होती व ज्यात हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती, त्या राज्यातील जबलपूरचा मराठी माणूस रातोरात भाषिक अल्पसंख्य झाला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-अ हे कलम घातले; भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरवण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. पुढे २०१४ साली कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, प्राथमिक शाळेत मातृभाषेचे माध्यम राज्याला सक्तीने लादता येणार नाही. माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाचे आहे आणि त्याच्या वतीने ते पालकाने वापरावयाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने, शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा अथवा घरची भाषा हेच माध्यम असावे, असे सुचवले. सूचना एकीकडे आणि स्वातंत्र्य दुसरीकडे. मध्ये पालक उभा आहे. न्यायालयाने त्यास अधिकार दिला. तो कसा वापरावा हे सांगणे न्यायालयाचे काम नव्हे. मात्र ‘मुलाच्या वतीने’ ह्या दोन शब्दांत ह्या प्रश्नाचे सारे नैतिक ओझे आहे. दुसऱ्याच्या वतीने जो निवड करतो त्याने स्वतःची हौस, शेजाऱ्याचे अनुकरण आणि कचेरीतील प्रतिष्ठा बाजूस ठेवावयास हवी.

ह्या बाबतीत कॅथलिक शिक्षणपरंपरेचीच साक्ष काढणे उचित होईल. कारण ती परंपरा आपण समजतो त्याहून फार जुनी आणि शहाणी आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मुलांस वाचन शिकवावयाचे ते लॅटिनमधून, अशी रूढी होती. लॅटिन ही धर्माची आणि विद्येची भाषा. शिवाय लॅटिनमध्ये लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारले जाते, फ्रेंचमध्ये कित्येक अक्षरे मुकी असतात, तेव्हा लॅटिनच सोपी, असा युक्तिवाद होता. गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या झां-बाप्तिस्त द ला साल ह्या धर्मगुरूने ही रूढी मोडली. आपल्या शाळांत त्याने वाचनाचा आरंभ फ्रेंचमधून केला. त्याचे म्हणणे साधे होते: ही मुले थोडाच काळ शाळेत राहणार, त्यांना न समजणाऱ्या भाषेचे वाचन शिकवून बाहेर धाडले तर त्यांच्या हाती काहीच लागणार नाही, उलट ज्यास फ्रेंच वाचता येते तो लॅटिन वाचावयास सहज शिकतो. १७१९ साली तो वारला. पुढे रोमने त्यास संतपद दिले, आणि १९५० साली पोपने त्यास शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. जगभरच्या कॅथलिक शिक्षकांचा जो आदर्श, त्याने प्रतिष्ठेच्या भाषेहून समजणाऱ्या भाषेस आधी मान दिला, ही गोष्ट आपल्या शाळांतही आणि आपल्या घरांतही अधिक माहीत असावयास हवी होती.

ह्यात आपल्या दृष्टीने आणखी एक विचार आहे. द ला सालला सोपेपणा आणि अर्थ ह्यांपैकी एकाची निवड करावी लागली. सोपेपणा लॅटिनच्या बाजूस होता, अर्थ फ्रेंचच्या. मराठी मुलाच्या बाबतीत असा पेचच नाही. देवनागरीची बाराखडी सरळ आहे आणि मराठी शब्द त्याच्या ओळखीचे आहेत. सोपेपणा आणि अर्थ दोन्ही एकाच बाजूस असताना आपण दुसऱ्या बाजूने आरंभ करतो, ह्यास काय म्हणावे?

दुसरी साक्ष आपल्याच भाषेतील आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. १५७९ साली तो गोव्यास आला, साष्टीतील लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचून १६१६ साली त्याने ते प्रसिद्ध केले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांस जुन्या पुराणांच्या जागी काही हवे होते. ते त्यांस समजेल अशा भाषेत आणि त्यांच्या कानांत बसलेल्या ओवीच्या छंदात द्यावे, हे त्याने ओळखले. ज्याला काही सांगावयाचे आहे त्याने ऐकणाऱ्याच्या भाषेपर्यंत चालत जावे, हा त्याचा धर्म होता. ह्याच भूमीत १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज भाषा उचलावी, असा हुकूम काढला. एक माणूस भाषा शिकून आला, दुसरा भाषा सोडावयास सांगू लागला. ह्या दोघांपैकी गोव्याच्या मनात कोण राहिला हे सांगावयास नको.

तथापि गोव्याचाच अलीकडचा इतिहास मातृभाषेच्या पुरस्कर्त्यांसही विचार करावयास लावणारा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना तेथील सरकारने ठरवले, की प्राथमिक शाळांस अनुदान द्यावयाचे ते प्रादेशिक भाषांच्या माध्यमासच. चर्चने चालवलेल्या शाळांनी मग इंग्रजी सोडून कोकणी माध्यम पत्करले. पण ही कोकणी देवनागरीत होती, आणि गोव्याच्या कॅथलिक घरांतील प्रार्थनापुस्तके व गीते पिढ्यानपिढ्या रोमी लिपीत वाचली जात होती; तेव्हा घरची भाषाही शाळेत अनोळखी पोशाखात भेटली. २०११ साली सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांसही अनुदान देण्याचे ठरवताच मोठे आंदोलन उभे राहिले. त्यात काकोडकर स्वतः अग्रभागी होत्या. इंग्रजीची मागणी करणाऱ्या पालकांचा एक प्रश्न मात्र अंगावर येणारा होता. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते विनाअनुदान शाळेत इंग्रजी विकत घेतात. मग मातृभाषेचे तत्त्व तेवढे आम्हीच का पाळावयाचे?

ह्या प्रश्नास उत्तर आहे, पण ते घोषणेत सापडत नाही. श्रीमंतांनी टाळावयाची आणि गरिबांनी पाळावयाची अशी जी नीती असते, ती नीतीच नव्हे. म्हणून मातृभाषेचा आरंभ हा इंग्रजीस पर्याय म्हणून पुढे ठेवणे चूक आहे. इंग्रजी उत्तम यावी म्हणूनच तो हवा, असे म्हटले पाहिजे आणि तसे करून दाखवले पाहिजे. एकदा अक्षर बोलते हे कळलेले मूल दुसऱ्या लिपीशी निर्भयपणे झुंजते. त्या काळात इंग्रजी त्याच्या कानांवर आणि जिभेवर चढू द्यावी: गाणी, अभिनय, वस्तूंची नावे, रोज मोठ्याने वाचून दाखवलेली गोष्ट. अनेक चांगल्या सिस्टर बालवर्गात नेमके हेच करतात, आणि ते करताना त्यांची कला पाहण्यासारखी असते. घाई होते ती पुढे. चार रेघी वही आणि स्पेलिंगची यादी ही कानाची तयारी होण्याआधीच हाती दिली जाते, आणि ती घाई पुष्कळदा शाळेहून पालकांचीच अधिक असते.

जबलपूरसारख्या शहरातील एका मराठी कुटुंबाच्या हाती मग काय आहे? शाळेची घडी आपण बदलू शकत नाही, मराठी शाळा प्रत्येक बदलीच्या गावी सापडत नाही, हे सर्व मान्य. तरीही येथे आपणांस एक सोय आयतीच लाभलेली आहे, आणि ती चेन्नईला किंवा कोलकात्याला लाभत नाही. ह्या शाळांत हिंदी शिकवली जाते. म्हणजे देवनागरी मुळाक्षरे शाळाच गिरवून घेते. मराठी वाचनासाठी पालकाने घालावयाची भर थोडी आहे. ‘ळ’ हे अक्षर दाखवावयाचे. चमचा आणि चहा ह्यांतील ‘च’ एक नव्हे, हे कानास जाणवून द्यावयाचे. आणि एकच शब्द दोन भाषांत निराळा अर्थ कसा धारण करतो ह्याची गंमत सांगावयाची. हिंदीत शिकण्याला ‘शिक्षा’ म्हणतात आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हे ऐकून कोणते मूल हसणार नाही? जिभेच्या बाबतीत तर मराठी मूल थोडे पुढेच असते. स्नान, स्वप्न, स्त्री असे शब्द घरात वावरत असल्यामुळे त्यास ‘स्कूल’ म्हणताना आधी ‘इ’चा टेकू लागत नाही, आणि ‘बॅट’मधील स्वरासाठी मराठी लेखनात स्वतंत्र चिन्हही आहे. गावाहून येताना आणलेली एक अंकलिपी, दोन-चार गोष्टींची पुस्तके आणि रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास, एवढ्या भांडवलावर हे काम होते. दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या माणसास तो अर्धा तासही जड वाटतो, हे मी कारकुनी करणाराच असल्यामुळे जाणतो. परंतु मुलाच्या इंग्रजी शिकवणीच्या फीसाठी आपण जे जादा काम आनंदाने अंगावर घेतो, त्याच्या मानाने हे थोडे आहे.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरातही इंग्रजीच बोला, असा सल्ला पुष्कळदा पालकांस दिला जातो. तो देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. आपल्यापैकी बहुतेकांचे इंग्रजी हे टिप्पणीचे आणि मसुद्याचे इंग्रजी आहे. त्यात रजेचा अर्ज उत्तम लिहिता येतो. मुलाची समजूत घालता येत नाही, त्यास रागे भरता येत नाही, भुताची गोष्ट सांगता येत नाही, आजीच्या म्हणीतला टोमणा मारता येत नाही. घरी इंग्रजी बोलू लागलेली आई एकाएकी मोजके बोलू लागते. आपल्यापाशी जी भाषा सर्वांत श्रीमंत आहे ती कुलपात ठेवून सर्वांत दरिद्री भाषा मुलाच्या पदरी घालावयाची, ह्यास त्याग म्हणता येणार नाही. ज्यास बोललेल्या भाषेची श्रीमंती मिळाली तोच मुलगा पुढे दुसऱ्या भाषेतही श्रीमंतीची अपेक्षा धरतो; ज्यास ती कधी भेटलीच नाही त्यास कोणत्याही भाषेतील चार कामचलाऊ वाक्ये पुरेशी वाटतात.

ह्यावर कोणी म्हणेल, की घरच्या अर्ध्या तासाने मराठी साहित्याचा वाचक घडेल काय? कदाचित घडणार नाही. बदल्यांच्या गावांत वाढलेली आपली मुले पुढे कोणत्या भाषेत विचार करतील, कोणत्या भाषेत संसार करतील, हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि ते ठरवण्याचा हट्टही आपण धरू नये. तो त्यांचा अधिकार आहे. आपल्याकडून त्यांचे जे देणे आहे ते ह्याहून लहान आणि ह्याहून निकडीचे आहे. छापलेला शब्द आपणांस समजावा म्हणून लिहिलेला असतो, न समजल्यास विचारण्याचा आपणांस हक्क आहे, आणि आपल्या घरी जे बोलले जाते ते कागदावर उतरण्याच्या योग्यतेचे आहे, ह्या तीन गोष्टी मुलास सातव्या-आठव्या वर्षाच्या आत कळल्या पाहिजेत. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलास पहिली दोन तत्त्वे एखादी चांगली शिक्षिका शिकवू शकेल. तिसरे मात्र घराखेरीज दुसरे कोणी शिकवू शकत नाही. आणि ते कळले नाही तर पहिल्या दोहोंचाही पाया कच्चा राहतो.

मुलाच्या वतीने आपण आज जी निवड करतो तिचा जाब तो उद्या विचारील, असे नाही. मुले सहसा विचारीत नाहीत. म्हणूनच तो आपण स्वतःस विचारणे आवश्यक आहे. संताच्या नावाच्या शाळेत मुलास घातल्याबद्दल कोणीही लाजण्याचे कारण नाही. त्या शाळेच्या परंपरेतील थोर माणसांनी मुलाच्या भाषेपर्यंत चालत जाण्याचा जो धडा घालून दिला, तो निदान आपल्या घराच्या चार भिंतींत तरी आपण गिरवतो की नाही, एवढेच पाहावयाचे आहे.